बाशिंगाची वाळकी पानं काढायची का?

तुमचे प्रश्न तीन आहेत. जुन्या आंब्याच्या दुबेळक्यात एक नेचा वाढलाय. त्याची वरची पानं लांब, हिरवी आणि खोल कातरलेली आहेत. बुडाशी मात्र तपकिरी, कडक, कागदासारख्या पानांचा ढीग साचलाय. याचं नाव काय, तो आंब्याचा रस शोषतो का, आणि ती मेलेली पानं ओरबाडून झाड ‘स्वच्छ’ करावं का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तुम्ही कोयता हातात घेऊन बसला असाल. काढू नका. त्या नेच्याचा संसार चालतो तो त्या तपकिरी पानांवरच.

आता नाव. तुमच्या वर्णनावरून हे बाशिंग, संस्कृत नावाने अश्वकात्री. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया, कूळ पॉलिपोडिएसी. बुडाशी उभं राहणारं ते रुंद, कातर कडेचं पान नवरदेवाच्या कपाळावरच्या बाशिंगासारखं दिसतं, म्हणून मराठीत हे नाव. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ साली याला पॉलिपोडियम क्वेर्सिफोलियम म्हटलं, म्हणजे लॅटिनमध्ये ओकच्या पानाचा. पुढे तो ड्रायनेरिया या प्रजातीत गेला आणि गंमत म्हणजे तिचं नावही ओकच्याच ग्रीक शब्दावरून आलेलं. म्हणजे एकाच नेच्याला दोन भाषांत दोनदा ‘ओक’ म्हटलंय. ओकचं झाड न पाहिलेल्या माणसाला दोन्ही नावं निरुपयोगी. आपलं बाशिंग जास्त बोलकं. अलीकडे काही अभ्यासक ड्रायनेरिया ही अख्खी प्रजात अॅग्लेओमॉर्फामध्ये विलीन करतात, त्यामुळे नव्या याद्यांत अॅग्लेओमॉर्फा क्वेर्सिफोलिया दिसलं तर बिचकू नका. वनस्पती तीच.

ओळख पटवायची तर पानांकडे नंतर बघा, आधी खोड शोधा. पाचोळा जरासा बाजूला सारलात तर सालीला घट्ट चिकटून सरपटणारं, अंगठ्याएवढं जाड, मांसल आडवं खोड सापडेल. पुस्तकात त्याला मूलक्षोड म्हणतात. त्यावर अरुंद, टोकदार, तपकिरी खवले इतके दाट असतात की वाढतं टोक खारीच्या शेपटीसारखं दिसतं. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक खवल्याच्या कडेला बारीक दाते दिसतात. हे खवले आतल्या कोवळ्या टोकाला उन्हापासून आणि सुकण्यापासून वाचवतात. हात लावून बघायला हरकत नाही, पण टोक मोडू नका. पुढची सगळी पानं तिथूनच येणार असतात.

आता पानं. एकाच खोडावर दोन अगदी वेगळ्या घडणीची पानं येतात, आणि बहुतेक लोकांचा गोंधळ इथेच होतो. त्यांना वाटतं हिरवी ती जिवंत, तपकिरी ती म्हातारी होऊन वाळलेली. तसं नाही. तपकिरी पान हे हिरव्या पानाचं म्हातारपण नव्हे. ते जन्मापासूनच वेगळं पान आहे.

या बुडाच्या पानाला मी बोलताना ‘टोपलीपान’ म्हणतो. त्याला देठ नसतो. ते थेट खोडावर बसतं, अंड्याच्या आकाराचं, बुडाशी रुंद, साधारण १० ते ४० सेंटिमीटर लांब. कडा कातरलेल्या असतात, पण काप मधल्या शिरेपर्यंत पोचत नाहीत, फार तर निम्म्या वाटेपर्यंत जातात. उगवतं तेव्हा तेही फिकट हिरवं आणि मऊ असतं. पण हिरवेपण थोड्याच दिवसांचं. लवकरच त्यातलं हरितद्रव्य जातं, पान तपकिरी होतं, ताठ होतं आणि गळून न पडता तसंच उभं राहतं, एक नव्हे, बरेच पावसाळे. शिरा इतक्या चिवट की मधला पापुद्रा कुजून गेला तरी शिरांची जाळी शिल्लक राहते. जुन्या झुपक्यात तुम्हाला अशी नुसती जाळी उरलेली पानं नक्की सापडतील. आणि त्यांच्यापुढे दरवर्षी नवी टोपलीपानं येत असल्यामुळे एकावर एक थर चढत जातात.

हे कशासाठी? झाडावर राहणाऱ्या वनस्पतीची खरी अडचण माती नसणं ही आहे. फांदीवर पाऊस पडला की पाणी वाहून जातं, त्यासोबत जे काही खनिज असेल तेही जातं. बाशिंगाने यावर उपाय केला तो टोपलीचा. ही ताठ पानं खोडापासून तिरकी उभी राहतात, फांदी आणि पान यांच्यात एक खोबण तयार होते, आणि वरून पडणारं जे काही असेल ते तिथे अडकतं: आंब्याची पानं, मोहोराचा चुरा, सालीची भुकटी, पक्ष्यांची विष्ठा, किड्यांची कलेवरं. ते कुजतं. त्याची काळी, स्पंजासारखी माती होते. मग नेच्याचं खोड आपली मुळं त्याच मातीत सोडतं. जमिनीवरची झाडं तयार मातीत उगवतात. हा आपली माती स्वतः जमवतो, तीही जमिनीपासून वीस-पंचवीस फुटांवर.

म्हणून टोपलीपानाचं मरण हा बिघाड नव्हे, ते त्याचं कामाला लागणं आहे. जिवंत, मऊ पान ओल्या पाचोळ्याच्या भाराखाली वाकलं असतं आणि त्याला पाणीही सतत पुरवावं लागलं असतं. वाळलेलं पान काही मागत नाही.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं वाटेल, पण मी ते नुकसान करून शिकलो. विद्यार्थी असताना एका बाशिंगाचा नमुना ‘नीट दिसावा’ म्हणून मी सगळी तपकिरी पानं आणि त्यामागचा पाचोळा काढून टाकला होता. खोड आणि हिरवी पानं छान उघडी पडली, चित्र काढलं, समाधान झालं. पुढचा पावसाळा आला तेव्हा त्या झुपक्याला हातभर पानांऐवजी वीतभर पानं आली, तीही दोनच. खोड सुरकुतलं होतं. मोठ्या वयाचा झुपका होता, किती वर्षांची ती माती असेल कोण जाणे. माझं ते काम अर्ध्या तासाचं होतं.

हिरव्या पानांना मात्र चांगला लांब देठ असतो, आणि पान देठासकट सहज मीटरभर भरतं, कधी त्याहून जास्त. इथे काप खोल जातात, जवळजवळ मधल्या शिरेला भिडतात, आणि लांबट, टोकदार खंडांच्या दोन रांगा तयार होतात. पोत चामड्यासारखा, शिरांची जाळी दोन्ही बाजूंनी उठून दिसते. अन्न तयार करणं आणि बीजाणू, म्हणजे पुनरुत्पादनाचे धुळीसारखे कण, धरणं ही दोन्ही कामं याच पानाची. म्हणजे एकीकडे कमावतं पान आणि दुसरीकडे साठवतं पान, अशी सरळ कामाची वाटणी.

कोरडा ऋतू लागला की हिरव्या पानाचं काय होतं ते बघण्यासारखं असतं. अख्खं पान एकदम गळत नाही. खंड मधल्या शिरेपासून सांध्यावर सुटून एकेक करून पडतात, आणि मागे नुसती उभी शीर काडीसारखी राहते. उन्हाळ्यात बाशिंगाचा झुपका म्हणजे तपकिरी टोपली आणि तिच्यातून वर आलेल्या दहा-बारा वाळक्या काड्या. बघणाऱ्याला वाटतं, गेलं हे. पण खोड आत रसरशीत असतं. पावसाच्या पहिल्या सरी झाल्या की टोकाकडून घोड्याच्या नालासारखी नव्हे, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली कोवळी पानं बाहेर पडतात आणि बघता बघता उलगडतात. सह्याद्रीसारख्या ठिकाणी, जिथे चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं, तिथे हा बदल ठसठशीत दिसतो. विषुववृत्ताजवळ जिथे वर्षभर पाऊस असतो तिथे झुपका असा उघडाबोडका होत नाही.

पान उलटं करून बघा. पावसाळा सरत आला की खालच्या बाजूला बारीक गोल ठिपके दिसतील. लोक फोटो पाठवून विचारतात, ही कीड आहे का? कीड नाही. हे बीजाणुधानींचे, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंज. कीड आणि पुंज यांतला फरक शिस्तीचा आहे. बाशिंगात दोन आडव्या शिरांच्या मधल्या पट्टीत या ठिपक्यांच्या साधारण दोन सरळ रांगा असतात. त्यांच्यावर कुठलंही झाकण नसतं. काही नेच्यांत असतं, याच्या कुळात नसतं. ही रांगांची गोष्ट फालतू वाटली तरी ओळखीसाठी ती फार कामाची आहे. आग्नेय आशियात याचा एक जवळचा भाऊबंद आहे, ड्रायनेरिया स्पार्सिसोरा. पानं जवळजवळ तशीच, पण ठिपके विखुरलेले. आणखी एक, ड्रायनेरिया रिजिड्युला, त्यात हिरव्या पानाचे खंड पूर्ण सुटे होऊन वेगळी पर्णिकाच होतात आणि प्रत्येक पर्णिकेच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांची एकेकच रांग असते. नुसत्या टोपलीपानाच्या फोटोवरून जात ठरवून देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पानाची मागची बाजू मागा.

त्या एकेका ठिपक्यात कितीतरी बीजाणुधानी असतात आणि प्रत्येकीत साधारणपणे ६४ बीजाणू. बीजाणुधानी म्हणजे देठावरची इवलीशी पिशवी. तिच्या पाठीवरून जाड भिंतींच्या पेशींची एक कमान जाते. हवा कोरडी झाली की या पेशींतलं पाणी उडू लागतं, पातळ भिंती आत ओढल्या जातात, कमान उलट्या दिशेने ताणली जाते आणि पिशवी फाटून उघडते. पाणी आणखी कमी होतं, ताण वाढत जातो, आणि एका क्षणी पेशींतल्या पाण्यात बुडबुडे फुटतात. ताण सुटला की कमान गोफणीसारखी झटक्यात मागे येते आणि बीजाणू हवेत फेकले जातात. ना स्नायू, ना मज्जातंतू. नुसतं पाणी उडण्याच्या जोरावर. घरी बघायचं असेल तर पिकलेल्या ठिपक्यांचा एक खंड पांढऱ्या कागदावर उपडा ठेवून रात्रभर पंखा बंद ठेवा. सकाळी कागदावर पिवळसर भुकटीने ठिपक्यांची नक्षी उमटलेली असेल.

बीजाणू म्हणजे बी नव्हे, हे मात्र लक्षात घ्या. तो ओल्या सालीच्या भेगेत पडला तर त्यातून थेट बाशिंग उगवत नाही. आधी नखापेक्षाही लहान, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा तयार होतो. तो स्वतंत्र जगतो, त्यालाच नर आणि मादी अवयव येतात, आणि नरपेशी पाण्याच्या थेंबातून पोहत अंडपेशीकडे जातात. नेच्यांचं हे गुपित १८४८ साली लेश्चित्स-सुमिन्स्की या संशोधकाने उलगडलं. तोवर फुलं नसलेल्या या झाडांचं पुनरुत्पादन होतं तरी कसं, हे कोडंच होतं. पोहायला पाण्याचा तो पातळ थर हवाच. म्हणून प्रौढ बाशिंग आठ महिने कोरडं काढू शकत असलं तरी त्याचं बालपण ओलाव्याशिवाय होत नाही. अंकुरलेल्या रोपाची पहिली पानं साधी, अखंड असतात. टोपली आणि कातरलेली पानं हा प्रकार वय वाढल्यावरचा. म्हणून सालीवरचं बाळ-बाशिंग भल्याभल्यांना ओळखता येत नाही.

राहतो कुठे? भारत, श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी ते थेट ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग. नेचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सावलीतला, पाणथळ ओढा येतो. बाशिंग त्या जातकुळीचं नाही. घनदाट जंगलाच्या काळोख्या तळाशी ते क्वचितच दिसेल. त्याला उजेड आवडतो, उघड्यावरची मोठी एकटी झाडं, जंगलाच्या कडा, कातळ, जुन्या तटबंद्या आणि पडक्या भिंती. मोठे विस्तार ते सखल भागात आणि मध्यम उंचीवर करतं. झाडाची जात त्याला फारशी महत्त्वाची नाही, साल महत्त्वाची. आंब्यासारखी खडबडीत, भेगाळ साल असली की बीजाणूंना थारा मिळतो. साल सोलून टाकणाऱ्या गुळगुळीत झाडांवर ते सहसा बसत नाही, कारण बसलेलं बाळ सालीबरोबर खाली येतं. ताडवर्गीय झाडांच्या जुन्या देठांच्या खाचाही त्याला चालतात. आणि कातळावर वाढलेलं बाशिंग पाहिलं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं: खडकाचा रस कोण शोषणार?

तर आंब्याचा रस. आपल्याकडे झाडावर वाढणाऱ्या कशालाही बांडगूळ म्हणायची सवय आहे, आणि त्या शब्दाने बिचाऱ्या नेच्यांवर आणि आमऱ्यांवर (ऑर्किडवर) अनेक कोयते चालले आहेत. खरं बांडगूळ आपली शोषकमुळं फांदीच्या लाकडात घुसवतं आणि तिथलं पाणी व क्षार ओढून घेतं. फांदीवर जोडाशी गाठ दिसते, तिच्या पुढची फांदी हळूहळू खंगते. बाशिंगाची मुळं सालीला नुसती धरून असतात. खोडाचा तुकडा उचललात तर साल जशीच्या तशी राहते, आत भोक नाही. ते झाडाकडून घेतं फक्त बसायला जागा आणि गळलेली पानं. याला अपिवनस्पती म्हणतात. पूर्ण निरुपद्रवी म्हणणार नाही मी. पावसात भिजलेला मोठा झुपका जड होतो, आणि फांदी आधीच पोखरलेली असेल तर ती मोडू शकते. पण तो दोष पोखरणाऱ्या किडीचा. तशी फांदी असेल तर फांदी बघा, नेचा नव्हे.

त्या टोपलीत भाडेकरूही फार. मुंग्या तर हमखास. बाशिंगाच्या हिरव्या पानांवर, खंडांच्या तळाशी गोड रस पाझरणाऱ्या जागा असतात. फूल नसलेल्या झाडाला मधुग्रंथी, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मलाही पटली नव्हती. मुंग्या तो रस चाटायला येतात, पाचोळ्यात घर करतात, आणि त्यांचा केरकचरा पुन्हा नेच्याच्या मातीत जमा होतो. विंचू, पाली, बेडूकही ओलाव्याला येतात. म्हणजे हात घालण्याआधी काठीने हलवून बघा, हे वेगळं सांगायला नको.

माती जमवण्याची ही युक्ती एकट्या बाशिंगाची नाही, पण प्रत्येकाने ती आपापल्या पद्धतीने साधली. पक्ष्याच्या घरट्यासारखा दिसणारा अॅस्प्लेनियम नायडस एकाच प्रकारच्या लांब पानांचा गोल द्रोण करतो. त्याची पानं मरून टोपली होत नाहीत, हिरवी असतानाच ती पाचोळा धरतात. सांबरशिंगासारखा दिसणारा प्लॅटिसेरियम बाशिंगाच्याच कुळातला, त्यालाही दोन तऱ्हेची पानं, पण त्याचं ढालीसारखं पान खोडाला वेढून चिकटतं आणि तो रांगत नाही. या नात्याला एक मोठी पार्श्वभूमीही आहे. नेचे हा फुलझाडांहून कितीतरी जुना गट, पण आज दिसणाऱ्या बहुतेक जाती मात्र फुलझाडांची जंगलं उभी राहिल्यानंतर, त्यांच्या सावलीत आणि त्यांच्या फांद्यांवर वाढल्या. २००४ साली ‘नेचर’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे डीएनए आणि जीवाश्म दोन्ही वापरून दाखवलं. तुमच्या आंब्यावरचं बाशिंग ही ‘आदिम वनस्पती’ नाही. आंब्यासारखी झाडं आल्यामुळेच त्याला ही जागा मिळाली.

औषधाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगायला येईलच. याचं खोड लोकवैद्यकात वापरतात हे खरं. चिनी वैद्यकात हाडांसाठी जे मूलक्षोड प्रसिद्ध आहे ते मात्र याच्या दुसऱ्या भाऊबंदाचं, ड्रायनेरिया फॉर्च्यूनीचं. दोघांची नावं सारखी असल्यामुळे एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर सर्रास खपवले जातात. ओढून काढलेल्या खोडामागे टोक उरत नाही, त्यामुळे झुपका संपतो. ऐकीव माहितीवर ते पोटात घेऊ नका, आणि दुसऱ्याला देऊही नका.

एखादा तुकडा दुसरीकडे लावायचाच असेल तर पावसाच्या सुरुवातीला, वाढतं टोक शाबूत असलेला हातभर तुकडा घ्या, त्याच्यावरची टोपलीपानं राहू द्या, आणि खडबडीत लाकडावर काथ्याने बांधा. कुंडीत पुरलं की खोड कुजतं. ही चूक जवळजवळ प्रत्येकजण एकदा करतो. आंब्यावरच्या झुपक्याला मात्र काहीच करायचं नाही. खत नको, पाणी नको.

पहिला चांगला पाऊस झाल्यावर आठ-दहा दिवसांनी खोडाच्या टोकाजवळ बघा. गुंडाळी सुटताना ज्या पानाला देठ दिसत नाही आणि जे उलगडताच रुंद होऊन फांदीकडे पाठ करून उभं राहतं, ते या वर्षीचं टोपलीपान. पंधरवड्याने त्याच्या बुडाशी पहिलं आंब्याचं पान अडकलेलं असेल.